भंते आमच्या दाराशी थांबतात

हे माझ्या घरी झालं. कुणाच्या मामाच्या मित्राचं नाही, ऐकलेलं नाही. मी स्वतः भोगलं, अजून भोगते. पटलं नाही तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. भांडणं लई करून झाली माझी.

गाव बेंबळीपासून आत सहा-सात किलोमीटर. नाव सांगत नाही, माणसं ओळखीची आहेत. आमची गल्ली सात घरांची, टोकाला बुद्धविहार. विहाराकडून निघालं की पहिलं घर माझं. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या दोन खोल्यांत संसार. मालक उमरग्याला ट्रकवर असतात, आठवड्यातून एकदा येतात. बाकी दिवस मी एकटीच.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

आमच्याकडं जे येतं ते सकाळी अकराला येतं. लख्ख उन्हात. गल्लीत धुणं वाळत असतं तेव्हा.

बारा वाजले की जातं.

आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. देवऋषी, अंगारा, उतारा आमच्यात चालत नाही. महिला मंडळाची अध्यक्ष मीच. कुणाच्या पोराला नजर लागली म्हणून कुणी मिरच्या ओवाळल्या तर जाऊन झापणारी पण मीच. मग मी कुणाला सांगू, की माझ्या दाराशी कुणीतरी उभं राहतं?

वर्षभर गिळून बसले.

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला भंते उपसेन आमच्या विहारात वर्षावासाला आले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू गावोगाव हिंडत नाहीत, एकाच विहारात राहतात, तो वर्षावास. सत्तरीचे होते. अंगानं बारीक. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. संध्याकाळी वंदना झाली की अर्धा तास धम्म सांगायचे, तेही इतकं हळू की मागच्या बायांना ऐकू यायचं नाही. तरी मधूनच उठून कुणी जायचं नाही.

भिक्खूचे नियम कडक असतात. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही बाराच्या आत. बारानंतर अन्नाचा कण नाही. स्वतः शिजवायचं नाही. उद्यासाठी काही ठेवायचं नाही.

आणि मागायचं नाही.

"भूक लागली, वाढा," असं भिक्खू म्हणू शकत नाही. उपासकांच्या घरून डबा आला तर जेवायचं. नाही आला तर पात्र घेऊन निघायचं आणि प्रत्येक दाराशी मान खाली घालून जरा वेळ उभं राहायचं. तोंडातून शब्द नाही. कुणी वाढलं तर घ्यायचं, नाही तर पुढचं दार.

हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. मला तर सगळ्यात जास्त, कारण नियमांचा कागद विहाराच्या दारावर मीच चिकटवला होता. खाली नंबर. सात घरं, सात वार. माझा बुधवार.

श्रावणात एका बुधवारी जगदेवीची लेक माहेरी आली होती. जगदेवी म्हणजे शेजारची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिनं पुरणपोळ्या केल्या आणि दोन पोळ्या घेऊन विहारात गेली. भंतेंनी घेतल्या. माझ्या डब्यातला भात तसाच राहिला.

माझं डोकंच फिरलं. विहाराच्या पायरीवर, सगळ्या बायांसमोर तिला धरलं.

"जगूबाई, माझ्या दिवशी मधी यायचं न्हाय. पुण्य पायजे तर आपल्या वारी कर."

"अगं तारा, पोटाला कुठं वार असतो?" ती हसत म्हणाली.

"नंबर म्हंजे नंबर. माझ्या दिवशी दुसऱ्या कुणी एक घास जरी वाढला ना, तर मंडळात पाय ठिवू देणार न्हाय. सगळ्यांनी ऐकून ठिवा."

सगळ्यांनी ऐकून ठेवलं.

जगदेवीचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, त्या वेळी मला लई बरं वाटलं होतं.

मग आला ऑक्टोबर. सोयाबीनची काढणी. अख्खी गल्ली पहाटेच रानात. मंडळाच्या बैठकीत बाया म्हणाल्या, अकराच्या आत डबा जमणार नाही, काय करायचं? मी उठले. म्हणाले, "सोमवार ते गुरुवार चारी दिवस माझ्याकडं. मी घरीच असते. तुमी निवांत जावा."

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, साधू, साधू, साधू.

छाती फुगली माझी.

सोमवारी सकाळपासून लाईट नव्हती. दहाला आली. गिऱ्हाईकं डबे घेऊन ताटकळलेली, ज्वारी, गहू, डाळ, सगळं एकदम. मी गिरणी चालवू का भाकरी करू? हात झटकत चुलीपाशी बसले, वांग्याची भाजी केली, वरण-भात केला, भाकरी केल्या, डबा बांधला आणि जवळजवळ पळतच विहारात गेले.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

भंते भिंतीला टेकून बसले होते. समोर पात्र. मी डबा उघडायला लागले तर त्यांनी पात्रावर हात ठेवला.

"वेळ झाली, उपासिका. मंगल हो."

"भंतेजी, धा मिन्टानं काय बिघडतंय? लाईट नव्हती. मी तशीच पळत आले."

ते नुसते हसले. हात काही पात्रावरून काढला नाही.

कोपऱ्यात म्हातारी कडूबाई झाडू मारत होती. विहाराची झाडलोट तीच करायची. तिनं बघितलं. माझा अपमान झाला असं मला वाटलं, आणि तोही कडूबाईसमोर. डबा उचलला, घरी आले आणि सगळं म्हशीपुढं ओतलं. वांग्याची भाजी पण.

रात्रभर धुसफुसत होते. एवढे चार दिवस मी अंगावर घेतले, आणि मलाच नियम सांगतात? ठरवलं. आता तोंडानं म्हणू देत, तारामती, डबा आण. मग देते.

त्यांना म्हणता येत नाही हे मला माहीत होतं.

माहीत होतं म्हणूनच ठरवलं.

मंगळवारी अकराला मी मागच्या खोलीत तुरीची डाळ निवडत होते. गिरणी बंद. जाळीच्या खिडकीतून भगवं दिसलं. भंते अनवाणी चालायचे, पावलांचा आवाज यायचाच नाही. माझ्या दाराशी आले. थांबले.

माझ्या शेजारी दुरडीत चार भाकरी होत्या. ताज्या.

मी श्वास धरून बसले. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून सूपसुद्धा हलवलं नाही.

बराच वेळ उभे होते. मग पुढं गेले. मनात आलं, आता जगदेवी वाढेल. मग आलं, हिंमत आहे का तिची.

बुधवारी मी साडेदहालाच आतून कडी घातली.

गुरुवारी पण.

गुरुवारी ते आले तेव्हा कडीच्या आतल्या बाजूला मी उभी होते. मधे फक्त फळी. त्यांनी चौकटीला हात लावला. हात लावल्याशिवाय उभं राहवत नव्हतं बहुतेक. श्वास ऐकू येत होता... तोकडा... मधेच थांबणारा...

मी कडी काढायला हात वर केला होता. तेवढ्यात ते पुढं गेले.

एक हाक मारली असती तर मागं फिरले असते. मी नाही मारली.

दुपारी तीनला कडूबाई ओरडतच आली. भंते विहारात पडले. रानातून माणसं पळत आली. माझा पुतण्या कुलदीप, त्याचा छोटा टेम्पो आहे, त्यानं टेम्पो विहाराला लावला. भंतेंचे डोळे उघडे होते, पण नजर लागत नव्हती. अंग घामानं भिजलेलं. ओठ हलत होते. पिशवीत साखरेच्या आजाराच्या गोळ्या सापडल्या. तीन महिन्यांत कुणाला बोलले नव्हते.

कुलदीपनं ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि भंतेंना उचलायचं म्हणून मोबाईल माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी विचारलं, "शुगरची गोळी घेतात का? शुद्धीत आहेत का?"

मी म्हणाले, "व्हय. डोळं उघडं हायत. पानी गिळतेत."

"मग नीट सांगा, जेवलेत का? गोळी घेऊन उपाशी असतील तर आत्ताच्या आत्ता साखरेचं पाणी पाजा. आधी साखर, मग गाडी. जेवलेत का?"

समोर जगदेवी उभी होती. कडूबाई होती. गल्लीतलं माणूस न् माणूस माझ्या तोंडाकडं बघत होतं.

मी म्हणाले, "जेवलेत. माझ्याच घरचा डबा होता."

"मग थांबू नका, तसंच आणा."

कुलदीपनं विचारलं, "काय म्हणले, काकी?"

"लवकर आणा म्हणले."

त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बेंबळीच्या अलीकडच्या फाट्यावर ते डोकं जड झालं. विहारापासून माझं घर वीस पावलं. घरात साखरेचा डबा भरलेला होता.

अंत्यविधीला चार गावची माणसं आली. जी ती बाई माझा हात हातात घेऊन म्हणायची, शेवटचं अन्न तुझ्या हातचं गं तारा, केवढं भाग्य तुझं. मी मान हलवायचे. एकदा मान हलवली की पुढच्या वेळी हलवणं सोपं जातं.

पंधरा दिवसांनी सुरू झालं.

मी गिरणीत होते. पट्टा फिरत होता, गव्हाचं दळण चालू होतं. एकदम वाटलं, काहीतरी कमी झालं. गिरणी बंद केली.

बाहेर आवाजच नव्हता.

चिमण्या नाहीत. जगदेवीचा टीव्ही नाही. म्हैस दारात रवंथ करत होती, तिचं तोंड थांबलेलं. कान उभे. ती माझ्या दाराकडं बघत होती...

दारात ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकरा.

बाराला म्हशीनं मान हलवली आणि जगदेवीच्या टीव्हीवरची जाहिरात ऐकू आली.

मी मनाला समजावलं. लाईट गेली असेल. बीपी वाढलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आठवड्यानं मी पीठ बघितलं.

गिरणी चालली की बारीक पीठ उडतं आणि सगळीकडं बसतं. भिंतीवर, तराजूवर, माझ्या भुवयांवर. दुपारी झाडताना रोज उंबऱ्याच्या आतबाहेर पांढरा थर असतो. त्या दिवशी पण होता. फक्त उंबऱ्याबाहेर, अगदी दारासमोर, दोन जागा कोऱ्या होत्या.

पावलांएवढ्या. शेजारी शेजारी. बोटं दाराकडं.

पीठ पुसलेलं नव्हतं. तिथं पीठ बसलंच नव्हतं.

सगळा तासभर तिथं कुणीतरी उभं होतं, आणि माझ्या गिरणीचं पीठ त्याच्या भोवतीनं पडत राहिलं होतं.

झाडू हातातून गळाला. तिथंच बसले आणि रडले. भीतीनं रडले असं लिहिलं तर खोटं होईल. मला लाज वाटली. इतकी लाज की ती दोन पावलं झाडायला हात होईना. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली, मग पदरानं पुसली.

दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला स्वयंपाक तयार. अकराला आवाज थांबले की ताट घेऊन दारात. समोर कुणी दिसत नाही, पण कळतं. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर हवा गार लागते ना, तसं तेवढ्याच जागेवर गार लागतं. मी वाकून भात वाढायचे, जिथं पात्र असेल असं वाटायचं तिथं.

भात फरशीवर पडायचा.

रोज. वरण पडायचं, भाजी पडायची. मी म्हणायचे, भंतेजी, घ्या. चुकले मी. घ्या. बाराला गारवा निघून जायचा आणि उंबऱ्यावर ते अन्न. त्याला मुंग्या लागायच्या नाहीत. कुत्र्याला टाकलं तर वास घेऊन निघून जायचं.

सात-आठ किलो वजन उतरलं माझं. मालक म्हणाले, "तब्येत दाखवून ये." मी म्हणाले, "कामाचा ताण हाय."

असं वर्ष गेलं. यंदाच्या आश्विन पौर्णिमेला विहारात भंतेंच्या स्मरणाचा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी कुलदीप टेम्पो घेऊन गिरणीपाशी आला. मागून गोणपाटात गुंडाळलेली फरशी काढली. काळी, तुकतुकीत.

"काकी, बघ. कमिटीनं करून घेतली. विहाराच्या भिंतीत बसवायची."

वर भंतेंचं नाव. खाली, अंतिम भोजनदान. त्याच्या खाली माझं नाव. पूर्ण नाव, मालकांच्या नावासकट.

"कशी झाली?" कुलदीपनं विचारलं. चेहरा फुलला होता त्याचा.

मी म्हणाले, "जड असंल."

त्या दिवशी अकराला ते उंबऱ्याच्या आत आले. गारवा माझ्या तोंडापर्यंत आला. तोच श्वास ऐकू आला... तोकडा... मधेच थांबणारा... पुन्हा सुरू होणारा... बारा वाजेपर्यंत मी भिंतीला चिकटून उभी होते.

ठरवलं, सांगायचं. मंडळ जाऊ दे, नाव जाऊ दे, गल्ली वाळीत टाकेल तर टाकू दे. ती फरशी भिंतीत बसली तर मी मरेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर हात जोडायचे. ते मला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला कार्यक्रम सुरू झाला. वंदना झाली. कमिटीचे अध्यक्ष फरशीवरचं कापड काढायला उठले.

मी उभी राहिले.

"ती फरशी लावू नका. डबा गेलाच न्हाय. पयल्या दिवशी उशीर झाला म्हणून भंतेंनी घेतला न्हाय. मला राग आला. मग तीन दिवस म्या दिलाच न्हाय. ते दाराशी येऊन उभं राहिले. म्या आतून कडी घातली."

कडूबाई हळूच म्हणाली, "मग डाक्टरला तू जेवलेत म्हणलीस की गं."

"लाजंनं म्हणले."

एवढंच म्हणाले. डॉक्टर पुढं काय बोलले होते, ते माझ्या तोंडून निघालं नाही. साखर हा शब्द जिभेवर आला होता. कुलदीप समोर बसला होता, माझ्याकडं बघत. नाही निघाला.

मला वाटलं, आता बाया तुटून पडतील. मी खाली मान घालून वाट बघत होते.

जगदेवी उठली. ती रडत होती.

"माझ्याबी दाराशी आलते. तिन्ही दिवस. म्या रानात भाकरी न्यायला घरी आलते, फडक्यात भाकरी बांधत हुते. वाढावं वाटलं. पण नंबर तुझा हुता. तुझ्या तोंडाला कोण लागनार? म्या दार लोटून घेतलं."

मग करिश्मा बोलली, शेवटच्या घरची सून. तेव्हा ओली बाळंतीण होती, घरीच असायची. "मीपण बघितलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, ताराकाकूंचा दिवस आहे, आपण मधे पडायचं नाही."

कडूबाई नुसती कपाळावर हात मारून घेत बसली.

सगळ्यांना माझी भीती होती. भंतेंच्या भुकेपेक्षा माझ्या तोंडाची भीती मोठी झाली होती. तीन दिवस एक म्हातारा माणूस या गल्लीतून रिकामं पात्र घेऊन गेला, ते माझ्या एका बोलण्यावरून. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते ऐकून मी खाली बसले.

जगदेवी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आन तवापासून... रोज अकराला..."

तिनं वाक्य सोडून दिलं.

करिश्मानं तिच्याकडं बघितलं. "तुमच्याकडं पण?" कडूबाईनं पण मान हलवली.

वर्षभर. चार घरांत. प्रत्येक बाई अकराला दार उघडून ताट घेऊन उभी राहत होती आणि शेजारणीला कळू देत नव्हती.

तेवढ्यात विहारातला पंखा ऐकू येईनासा झाला.

फिरत होता. आवाज नव्हता.

मागं बसलेलं करिश्माचं पोर हातातला खुळखुळा हलवत होतं... तोही वाजत नव्हता... भिंतीवरच्या घड्याळात अकरा...

आणि मग सगळ्यांनी ऐकलं. शंभर माणसांनी. भंते अनवाणी चालायचे, त्यांच्या पावलांचा आवाज कधी यायचा नाही. त्या दिवशी आला. विहाराच्या आतल्या खोलीतून, आमच्या मधून, दाराकडं. एक पाऊल... थांबून दुसरं... आजारी माणूस चालतो तसं. माणसं आपोआप बाजूला सरकली, मधे वाट झाली.

पायऱ्या उतरून आवाज गल्लीत गेला.

कुणी पाठीमागं गेलं नाही. कमिटीच्या अध्यक्षांनी कापड पुन्हा फरशीवर टाकलं. ती फरशी अजून कुलदीपच्या टेम्पोत पडून आहे.

दुसऱ्या दिवशी जगदेवी धावत माझ्याकडं आली. श्वास लागला होता.

"तारा, आज भात खालीच पडला न्हाय गं. म्या वाढला आन... न्हाईच पडला. घेतला त्यांनी."

करिश्माकडं पण घेतला. कडूबाईकडं पण, तिनं तर फक्त दूध-भाकरी कुस्करून ठेवली होती. त्या दिवसानंतर त्यांच्या दाराशी कुणी थांबत नाही. जगदेवीच्या अंगावर पुन्हा तेज आलंय. रात्री झोप लागते म्हणते.

जगदेवीनं मला विचारलं, "तुझ्याकडं बी घेतलं ना?"

मी म्हणाले, "व्हय. घेतलं."

माझ्याकडं भात अजून फरशीवर पडतो.

आज त्याला महिना झाला. रोज अकराला गल्लीत टीव्ही चालू असतो, चिमण्या असतात, बाकी सगळ्या घरांत आवाज असतात. फक्त माझ्या दारात नसतात. काल पीठ झाडताना बघितलं, कोऱ्या जागा उंबऱ्याच्या आत आल्यात. चुलीपासून चार हातांवर.

त्यांना काय पाहिजे ते मला कळतं. सगळ्यांसमोर अर्धंच सांगितलं मी. कडी घातल्याचं सांगितलं, कारण त्यात मी रागीट बाई ठरते, आणि रागीट मी आहेच, सगळ्यांना ठाऊक आहे. साखरेचं सांगितलं तर मी कोण ठरते ते मला लिहवत नाही. दोन वेळा जगदेवीच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा तिनं चहा टाकला आणि मी पिऊन परत आले.

म्हणून इथं लिहिलं. तुम्हाला ही एक भुताची गोष्ट वाटेल, वाटू दे. कुलदीप रोज टेम्पोत बसून हेच पेज वाचतो, मला माहीत आहे. त्यानंच मला हे दाखवलं होतं.

कुलदीप, नाव लिहिलं नसतं तरी तू काकीला ओळखलंच असतंस. त्या दिवशी तू विचारलंस, काय म्हणले डॉक्टर. ते म्हणाले होते, आधी साखरेचं पाणी पाजा. तू दोन मिनिटांत आणलं असतंस. मी तुला सांगितलं नाही.

जगूबाईला वाचता येत नाही. तिला घरी जाऊन हे सगळं वाचून दाखव, कडूबाईला पण बोलाव. मला विचारायला येऊ नको, सरळ तिकडं जा.

अकराला पाच मिनिटं आहेत. भात झालाय. मी दार उघडून बसते.